मोकळेपणाने बोला म्हणे!

दर सोमवारी तेच. साहेब खुर्चीत टेकतात, "आज ब्रेनस्टॉर्मिंग, सगळ्यांनी मिळून नव्या कल्पना काढायच्या, मोकळेपणाने बोला" म्हणतात आणि मग अर्धा तास स्वतःच बोलतात. शेवटी "तुमचं काय?" आता काय, डोंबल? साहेबांची कल्पना टेबलावर आल्यावर तिच्याविरुद्ध तोंड कोण उघडणार? अप्रेझल जवळ आलंय. सगळे माना डोलावतात. नवी मुलगी चुकून बोललीच, तर "हे आधी करून झालंय" म्हणत तिचा पत्ता कट. पुढच्या वेळी ती वहीच्या कोपऱ्यात फुलं काढत बसते.

अहो, ज्या जाहिरातवाल्या अ‍ॅलेक्स ऑस्बॉर्नने हा प्रकार रूढ केला, त्याचा नियमच होता की कल्पना येत असताना टीका करायची नाही. त्यातही १९५८ मध्ये येल विद्यापीठातल्या प्रयोगात एकत्र बसलेल्या चौघांपेक्षा वेगवेगळ्या बसलेल्या चौघांच्या कल्पना मिळून जास्त भरल्या! म्हणजे आधी प्रत्येकाला पाच मिनिटं चिठ्ठीवर लिहू द्या, नाव न घेता वाचा आणि साहेब, तुम्ही सगळ्यात शेवटी बोला. दमडीचा खर्च नाही.

पण नाही. निष्कर्ष काय निघाला? "टीममध्ये उत्साह नाही." म्हणून मोटिव्हेशनल स्पीकर, तोही सुट्टीच्या शनिवारी. टाळ्या वाजवा, शेजाऱ्याला मिठी मारा, "मी करू शकतो" ओरडा. माझा रजेचा अर्ज मात्र कधीचा साहेबांच्या मेलमध्ये लोळतोय. तो मंजूर करायला कुणाचं भाषण ठेवायचं?