क्वाड बाइक घ्या, सेगाही बघा, पण एकाच तिकिटात नको

ताई, नमस्कार. तुमची प्रतिक्रिया चिडून लिहिलेली आहे, पण मुद्द्याची आहे. त्यामुळे 'मताचा आदर आहे' असं दोन ओळींत म्हणून सटकत नाही.

बाकीच्यांसाठी आधी थोडक्यात सांगतो. मॉरिशसवरच्या लेखात मी लिहिलं होतं की दुपारी क्वाड बाइकवर (मोटरसायकलसारखं हँडल असलेली चार चाकांची गाडी) रानातली सफर आणि रात्री सेगा या तिथल्या पारंपरिक नाचासकट जेवण, असं जे जोड-पॅकेज विकतात ते मुंबईहून जाणाऱ्या बहुतेक कुटुंबांनी टाळावं. वर एक वाक्य टाकलं होतं, 'चिखलच उडवायचा असेल तर जुलैत कर्जत आहे.' ताईंना तो टोमणा वाटला. त्या दिवाळीच्या सुट्टीत सासू-सासरे, नवरा, तेरा आणि सात वर्षांची दोन मुलं असं सगळं लटांबर घेऊन निघाल्या आहेत. त्यांचा सवाल असा की एकाच गाडीत, एकाच दिवसात दोन गोष्टी उरकत असतील तर बिघडलं कुठे? आणि 'सेगा न बघता परत आलो तर नुसता समुद्र बघून आल्यासारखं होईल, तो तर आम्हाला दादरलाही आहे.'

हे दादरचं वाक्य मला मनापासून पटलं. सेगा बघाच. माझा आक्षेप सेगाला नाही, क्वाड बाइकलाही नाही. आक्षेप आहे तो दोन्ही एकत्र बांधण्याला, आणि तुमच्या घरच्या माणसांकडे पाहिलं तर तो आणखी पक्का होतो.

वेळेचा हिशोब बघा. अशा सहलीत दुपारी हॉटेलवरून उचलतात, वाटेत आणखी दोन-तीन हॉटेलं घेतात, मग सूचना, हेल्मेटं, फेरी. आंघोळ-कपडे होईतो अंधार पडतो, कारण ऑक्टोबर अखेरीस तिथे सहा-सव्वासहालाच सूर्य बुडतो. जेवण आणि नाच मात्र आठच्या पुढे रंगात येतो. मधले दीड-दोन तास माणसं ओल्या केसांनी नुसती बसून असतात. हॉटेलवर परतायला अकरा वाजले म्हणा. आता मॉरिशसचं घड्याळ आपल्या दीड तास मागे आहे. म्हणजे तुमच्या सासऱ्यांच्या शरीराच्या हिशोबाने ती रात्रीची साडेबाराची वेळ. सात वर्षांचं पोर सेगाच्या दुसऱ्याच गाण्याला तुमच्या मांडीवर झोपलेलं असेल, आणि ज्या नाचासाठी एवढा अट्टाहास केला तो तुम्ही 'आता निघतील का हे लोक' असं म्हणत बघाल.

त्यात हॉटेल कुठल्या किनाऱ्यावर आहे याने सगळं बदलतं. बेट छोटं आहे, उत्तर-दक्षिण जेमतेम ६५ किलोमीटर, म्हणून आपण गृहीत धरतो की सगळं जवळच असणार. पण क्वाडची नावाजलेली ठिकाणं पश्चिमेला आणि दक्षिणेला आहेत. कासेला पार्क पश्चिमेला, व्हाले दे कुलर दक्षिणेला. पश्चिम किनाऱ्यावरच्या फ्लिक आँ फ्लाकला उतरलात तर कासेला अगदी हाकेवर. उत्तरेच्या ग्रां बे किंवा पूर्वेच्या बेल मारला असाल तर एका बाजूचा प्रवासच तासाभराचा किंवा जास्त. बोरिवलीहून चर्चगेटला रोज जाणाऱ्याला तास काहीच वाटत नाही, मान्य. पण तो तास आपण पगारासाठी सोसतो, सुट्टीत पैसे देऊन नाही.

आता चिखल. जाहिरातीतल्या फोटोंत सगळे डोक्यापासून पायापर्यंत माखलेले आणि दात काढून हसणारे असतात. ते फोटो पावसाळ्यातले. तिथला पावसाळा, म्हणजे चक्रीवादळांचा मोसम, साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. खरा जोर जानेवारी ते मार्च. ऑक्टोबर हा तर वर्षातला सगळ्यात कोरडा महिना. तेव्हा दिवाळीत तुम्हाला चिखल नाही, धूळ मिळेल. पुढच्या क्वाडची सगळी धूळ मागच्याच्या तोंडात. कर्जतचं वाक्य मी ह्याच अर्थाने लिहिलं होतं. धुळीने फेरी वाईट होत नाही, फक्त ओढणी, चष्मा, पायात बंद बूट हवेत. आणि सासूबाईंना दमा असेल तर त्यांना कॉफी पीत बसू द्या.

क्वाडबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण पॅकेजवाले हे पाच मिनिटांत गुंडाळतात. चार चाकं आहेत म्हणजे पडणार नाही, ही पहिली गैरसमजूत. बहुतेक साध्या क्वाडना मागची दोन्ही चाकं एकाच सरळ आसावर असतात, वळताना दोन्ही सारखीच फिरतात, म्हणून गाडी वळायला नको म्हणते आणि सरळ जायला बघते. अंगाचा भार वळणाच्या आतल्या बाजूला टाकावा लागतो. अॅक्सिलरेटर मुठीत नसतो, उजव्या अंगठ्याखाली असतो. घाबरलं की अंगठा आणखी दाबला जातो. आणि आपल्यासारख्या अॅक्टिव्हावर वाढलेल्या माणसांची खास खोड म्हणजे तोल गेला की पाय खाली टेकवायचा. क्वाडवर तो टेकवलेला पाय मागच्या चाकाखाली जातो. पाय पायठेवणीवरून हलवायचा नाही, काहीही झालं तरी. हे तुमच्या यजमानांना आधीच सांगून ठेवा.

स्वतः चालवायला वयाची अट असते, त्यामुळे तेरा वर्षांच्या चिरंजीवांच्या हातात हँडल येणार नाही हे धरूनच चला. ही निराशा तिथे फाटकावर होण्यापेक्षा घरीच झालेली बरी. तुमच्यासारख्यांना बग्गी बरी पडते. शेजारी-शेजारी बसायचं, पट्टा असतो, डोक्यावर लोखंडी सांगाडा असतो. सात वर्षांच्या मुलाला घेतात का, ते मात्र पैसे भरायच्या आधी लेखी विचारा. प्रवासविम्याची पॉलिसीही काढून बघा; पुष्कळ पॉलिसींत असले साहसी प्रकार वेगळे जोडल्याशिवाय धरलेले नसतात. आणि दरपत्रकावरचं 'रु.' म्हणजे मॉरिशसचा रुपया, आपल्या जवळपास दुप्पट. माणशी आकडा स्वस्त वाटला तर आधी हेच तपासा.

सेगा. अठराव्या शतकात मोझांबिक, मादागास्कर भागातून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांचं हे गाणं-नाचणं. नाचताना पाय जमिनीवरून फारसे उचलत नाहीत, घासत सरकतात, आणि सगळी गंमत कमरेत आणि खांद्यांत. गाणी क्रिओलमध्ये, म्हणजे तिथल्या फ्रेंचवर आधारलेल्या बोलीत. मूळ वाद्यं तीन: रावान हा बकऱ्याच्या कातड्याचा मोठा चपटा डफ, मारावान म्हणजे आत बिया भरलेली खुळखुळणारी पेटी, आणि त्रिकोण. वाजवण्याआधी रावान आगीवर शेकतात, आपली हलगी शेकतात तशीच. २०१४ मध्ये युनेस्कोने आपल्या वारसायादीत घेतला तो हा पारंपरिक सेगा. पॅकेजमधल्या रात्री पुष्कळदा कीबोर्ड, घेरदार झगमगीत घागरे आणि शेवटी पाहुण्यांना ओढून नाचवणं एवढंच असतं. मजा येते, नाही असं नाही. पण असाच कार्यक्रम बऱ्याच मोठ्या हॉटेलांत आठवड्यातून एका रात्री असतो आणि तिथे राहणाऱ्यांना त्याचं वेगळं तिकीट नसतं. पोर झोपलं तर खोली दोन मिनिटांवर. मग त्याचसाठी वेगळे पैसे आणि रात्रीचा तासाभराचा प्रवास कशाला? हॉटेलला आजच मेल करून वार विचारून घ्या.

आणि आगीवर शेकलेला रावान ऐकायचा असेल तर रविवारी दुपारी एखाद्या सार्वजनिक किनाऱ्यावर जाऊन बसा. तिथली कुटुंबं डबे घेऊन येतात, झाडांखाली पसरतात, कुणीतरी वाजवतं, मावश्या उठून नाचतात. कुणी बोलावलं तर जा, नाही बोलावलं तर लांबून बघा. मोबाइल लगेच काढू नका.

'तुम्हाला संस्कृतीचं सोवळं आहे' असंही तुम्ही लिहिलंत. सोवळं नाही, पण तुमच्या तारखा बघून राहवत नाही. तुम्ही दिवाळीत जाताय! तिथे दिवाळीला सरकारी सुट्टी असते, गावंच्या गावं दिव्यांच्या माळांनी उजळतात आणि शेजारीपाजारी मिठाई वाटतात. २ नोव्हेंबर १८३४ ला भारतातून आलेले पहिले करारबद्ध मजूर राजधानी पोर्ट लुईला उतरले. त्यानंतरच्या जहाजांतून रत्नागिरीकडची आपली माणसंही गेली, आणि त्यांच्यातले पुष्कळजण पश्चिमेच्या ब्लॅक रिव्हर भागात वसले, म्हणजे कासेला पार्क आहे त्याच जिल्ह्यात. त्यांचे वंशज घरी बहुतेक क्रिओल बोलतात, पण गणपतीत झाकरी नाचतात. झाकरी म्हणजे आपली कोकणातली जाखडी. सासू-सासऱ्यांना ह्यातलं काही बघायला मिळालं तर ते सेगाच्या शोपेक्षा जास्त दिवस बोलत राहतील, असा माझा अंदाज.

जोड-पॅकेज कुणी घ्यावं? दोघंच असाल, नवीन लग्न झालेलं असेल, मुक्काम पश्चिम किनाऱ्यावर असेल, हॉटेलात सेगा नसेल आणि रात्री उशिरा परतायची हौस असेल, तर जरूर घ्या. त्यांच्यासाठी पैसे वसूल.

तुम्ही मात्र बग्गीची सकाळची पहिली फेरी घ्या. ऊन चढायच्या आत संपते, पुढे कुणी गेलेलं नसल्याने धूळही कमी. तिथून नैऋत्येच्या शामारेल गावाची रंगीत माती आणि धबधबा त्याच दिवशी होतो, आणि संध्याकाळी सगळे जागे असतात. लक्ष्मीपूजनाच्या रात्री टॅक्सी सांगून दोन-तीन गावांतून हळू चक्कर मारा. चालकाशी भाडं आधी ठरवून घ्या, सणाच्या दिवशी ते वाढलेलं असतं.

हॉटेल कुठल्या किनाऱ्यावर आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. तेवढं कळवा, म्हणजे बग्गी कासेलाची घ्यावी की दक्षिणेतली, ते सांगतो.