सिलिकॉनच्या भरवशावर गालिचा ताणू नका

जळगाव-धुळ्याकडच्या फर्निचरवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक रील फिरतंय. सांगणं असं: फरशी कोणतीही असो, गालिच्याच्या ग्रिपर पट्टीला (भिंतीकडेने बसवायची, गालिचा ताणून धरणारी दातेरी पट्टी) ड्रिल नको, खिळा नको. पट्टीच्या पाठीवर सिलिकॉन ओढा, भिंतीला टेकवून दाबा, दहा मिनिटांत गालिचा ताणून मोकळे व्हा. टाइलला भोक पाडलं की ती फुटतेच. ऐकायला झकास आहे. पण भिंत ते भिंत गालिचा घालून घेणाऱ्याने यावर पैसे घालवू नयेत.

आधी ‘फरशी कोणतीही असो’ हेच घ्या. आपल्याकडे जुन्या घरात कोबा नाहीतर शहाबादी, मग कोटा, आणि नव्या फ्लॅटात व्हिट्रिफाइड. कोबा पक्का असेल तर पट्टीत बसवून येणारे काँक्रीटचे खिळे सरळ ठोकावेत, डिंकाचं कामच नाही. वाळू सुटून खिळा हलायला लागला तर भोक, प्लग आणि स्क्रू. शहाबादी आणि कोटा दोन्ही चुनखडीचे दगड, साधा मेसनरी बिट आरामात शिरतो. फक्त शहाबादीचे पापुद्रे निघतात म्हणून कडेपासून थोडं आत यायचं.

आता सिलिकॉन, कारण खरी मेख इथेच आहे. गालिचा नी-किकरने (गुडघ्याने ढकलून ताणायचं अवजार) ताणून पट्टीच्या दातांत अडकवला की पट्टी वर उचलली जात नाही, आडवी ओढली जाते, खोलीच्या आतल्या बाजूला. ही ओढ गालिचा असेपर्यंत सुटत नाही. सिलिकॉन वाळल्यावरही रबरासारखं लवचिक राहतं. बेसिनच्या कडेला तोच गुण कामाचा, इथे तोच नडतो: पट्टी हळूहळू सरकते आणि गालिच्याला मधोमध लाटा येतात.

शिवाय ते वाळतं हवेतल्या ओलाव्यावर, आणि तेही कडेकडून आत. पट्टी साधारण 25 मिलिमीटर रुंद, खाली व्हिट्रिफाइड टाइल जवळजवळ पाणी न पिणारी. मधला भाग ओला राहतो, वरून कडा मात्र घट्ट लागतात. त्यात आपला मे महिना, हवेत ओलावा नावालाच. इथे ‘दहा मिनिटं’ म्हणणाऱ्याला ‘कसाले घाई करी राह्यना भाऊ?’ एवढंच विचारावं. आणखी एक: सिलिकॉन खरवडलं तरी त्याचा पातळ थर राहतो, त्यावर दुसरा कुठलाही डिंक नीट धरत नाही. म्हणजे दुरुस्तीची वाटही बंद.

डिंकच वापरायचा तर कडक होणारा बांधकामाचा घ्या. टाइलची चकाकी कडेपुरती सँडपेपरने घासा, धूळ आणि पॉलिशचं मेण पुसा, पट्टी दाबून ठेवा आणि डब्यावर लिहिलेला वेळ पूर्ण होऊ द्या, बहुतेकदा 24 तास. तोवर गालिच्याला हात नाही.

भोक पाडलं की टाइल फुटतेच? फुटते ती खिळा ठोकल्याने किंवा ड्रिलचा हॅमर चालू ठेवल्याने. चिकटपट्टी लावून त्यावर खूण करा, हॅमर बंद, वेग कमी, व्हिट्रिफाइडला डायमंड बिट आणि थोडं पाणी. टाइल आरपार झाली की खालच्या काँक्रीटसाठी बिट बदला. आधी टाइल ठोकून बघा, पोकळ आवाज आला तर ती जागा सोडा. बाथरूमच्या भिंतीलगत फरशीखाली पाइप गेलाय का, हे मिस्त्रीला विचारूनच भोक पाडा.

‘भिंतीला टेकवून’ हेही चुकीचं. पट्टी आणि भिंत यांत गालिच्याच्या जाडीपेक्षा किंचित कमी फट लागते, कड तिथेच खोचली जाते. दातांचा कल भिंतीकडे हवा. कॉलमभोवती तुकडे करावे लागतात, तेव्हा बोटभर तुकड्यालाही किमान दोन ठिकाणी धरलेलं असावं, नाहीतर तो एका स्क्रूवर गिरकी घेतो.

रीलमधली एक काळजी मात्र रास्त आहे: भाड्याच्या घरात मालक भोकं पाडू देत नाही. मग ग्रिपरच्या नादी लागू नका. जाड गालिचा न ताणता सुटा अंथरा आणि कडेला गालिच्याची दुहेरी टेप लावा. घर सोडताना ती काढता येते का, ते एका कोपऱ्यात आधी बघा.