‘आरआयपी’ म्हणजे ‘थडग्यात पडून राहा’ नव्हे

निधनाची बातमी घरच्या किंवा गावच्या व्हॉट्सअ‍ॅप समूहात आली आणि त्याखाली कोणी ‘आरआयपी’ असे लिहिले, की थोड्याच वेळात एक मजकूर हमखास येऊन पडतो. त्याचे शब्द इकडचे तिकडे होतात, आशय मात्र तोच असतो. ‘रेस्ट इन पीस’ याचा अर्थ ‘कयामतच्या दिवसापर्यंत थडग्यात शांत पडून राहा’ असा आहे; हे शब्द ख्रिस्ती आणि मुसलमान यांच्यासाठी आहेत, कारण ते मृतदेह पुरतात; हिंदू देह जाळतात आणि आत्मा पुढच्या प्रवासाला निघतो, म्हणून त्याला ‘विश्रांती घे’ म्हणणे चूक आहे; हिंदूंनी फक्त ‘ॐ शांती’ किंवा ‘सद्गती लाभो’ असेच लिहावे, असे त्यात बजावलेले असते. गेल्या वर्षी आमच्या नात्यात एक मृत्यू झाला, तेव्हा ‘आरआयपी’ लिहिणाऱ्या शाळकरी भाच्याला उद्देशून हाच मजकूर टाकण्यात आला आणि अस्थीही अजून गोळा झाल्या नव्हत्या अशा घरात शब्दावरून वाद सुरू झाला. म्हणून त्यातले एकेक विधान तपासून पाहणे मला आवश्यक वाटते.

पहिले विधान शब्दार्थाचे आहे आणि ते चुकीचे आहे. ही अक्षरे मुळात इंग्रजी नाहीत. ‘रेक्विएस्कात इन पाचे’ या लॅटिन वाक्याची ती आद्याक्षरे आहेत आणि इंग्रजी शब्दांची आद्याक्षरेही नेमकी तीच निघाल्यामुळे ती इंग्रजीत तशीच चालत राहिली. त्या वाक्यातले क्रियापद आज्ञा करणारे नसून मराठीतल्या ‘लाभो’, ‘होवो’, ‘मिळो’ यांसारखे इच्छा व्यक्त करणारे आहे, म्हणजे तेथे मृताला कोणी ‘पडून राहा’ असे सांगत नाही, तर त्याच्यासाठी देवाकडे मागणे मागितले जाते. ते मागणे देहासाठी आहे की आत्म्यासाठी, याबद्दलही संदिग्धता नाही, कारण कॅथलिकांच्या अंत्यविधीतील जुन्या प्रार्थनेत ‘आनिमा’, म्हणजे आत्मा, हा शब्द स्पष्ट आलेला आहे आणि ‘याचा आत्मा व सर्व दिवंगत श्रद्धावंतांचे आत्मे देवाच्या दयेने शांतीत विसावोत’ असा त्या वाक्याचा अर्थ आहे.

शेवटच्या दिवशी देहाचे पुनरुत्थान होईल अशी ख्रिस्ती श्रद्धा आहे, हे खरे. परंतु तोवर आत्मा थडग्यात वाट पाहत पडून राहतो, ही कॅथलिक शिकवण नव्हे. मृत्यूनंतर आत्म्याचा निवाडा लगेच होतो आणि त्याला त्याची गती तेव्हाच मिळते, असे पोप बारावे बेनेडिक्ट यांनी १३३६ सालीच अधिकृतपणे जाहीर केले होते. याहून बोलका पुरावा अलीकडचा आहे. २०१७ साली उत्तर आयर्लंडमधील काही प्रोटेस्टंट मंडळींनी आपल्या बांधवांना ‘आरआयपी’ लिहू नका असे आवाहन केले होते आणि त्यामागचे कारण असे, की ही मृताच्या आत्म्यासाठी केलेली प्रार्थना आहे व मृतांसाठी प्रार्थना करणे त्यांच्या पंथाला मान्य नाही. म्हणजे जे शब्द केवळ पुरलेल्या देहाला उद्देशून आहेत असे आपल्याकडे सांगितले जाते, ते आत्म्यासाठी आहेत म्हणूनच खुद्द ख्रिस्ती लोकांतल्या काहींना नको आहेत.

मुसलमानांना या मजकुराने उगाचच त्याच दावणीला बांधले आहे. मृत्यूची वार्ता ऐकताच त्यांच्याकडे ‘इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन’ असे म्हणतात. कुराणाच्या दुसऱ्या सूरेतील १५६व्या आयतीतले हे शब्द आहेत आणि ‘आपण अल्लाहचे आहोत आणि त्याच्याकडेच परत जाणार आहोत’ असा त्यांचा अर्थ आहे. मृतासाठी ते ‘मगफिरत’, म्हणजे क्षमा, मागतात. तेथे परतणे आहे, क्षमा आहे. विश्रांती हा त्या वाक्यांचा विषयच नाही.

‘पुरणे त्यांचे, जाळणे आपले’ ही विभागणी या मजकुराचा खरा पाया आहे आणि तो सर्वांत कच्चा आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील पंधराव्या सूक्तात पितरांना बोलावताना ‘ये अग्निदग्धा ये अनग्निदग्धाः’ असे म्हटले आहे, म्हणजे ज्यांना अग्नी दिला गेला तेही आणि ज्यांना दिला गेला नाही तेही, असे दोन्ही प्रकारचे पितर त्या ऋषीला आपलेच वाटतात. त्याच मंडलाच्या अठराव्या सूक्तात मृताला ‘उप सर्प मातरं भूमिमेताम्’, या भूमातेकडे जा, असे सांगितले आहे आणि मग भूमीला विनवले आहे, की आई जशी लेकराला पदराने झाकते तशी तू याला झाक, याच्यावर भार होऊ नकोस. गृह्यसूत्रांनी पुढे या ऋचा अस्थी पुरण्याच्या विधीत घेतल्या, परंतु त्यांतला भाव बदलत नाही. मातीच्या कुशीत निर्धास्त असणे ही कल्पना ज्यांना परकी वाटते, त्यांनी हे सूक्त एकदा सावकाश वाचावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

हे केवळ वेदकाळापुरते नाही. दोन वर्षे पूर्ण न झालेल्या मुलाचा देह सजवून शुद्ध भूमीत ठेवावा आणि त्याचे अस्थिसंचयन करू नये, असे मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात सांगितले आहे आणि तान्ह्या मुलाला पुरण्याची रीत आपल्या गावोगावी आजही आहे. संन्यासी दीक्षा घेतानाच अग्नीचा त्याग करतो, म्हणून त्याच्या देहाला अग्नी न देता समाधी देतात. सोलापूर, लातूर, सांगली, कोल्हापूर या भागांतील लिंगायत कुटुंबांत मृत व्यक्तीला बसलेल्या स्थितीत भूमीत ठेवतात. ज्ञानेश्वरांनी १२९६ साली आळंदीला घेतलेली संजीवन समाधी असो किंवा शेगावच्या गजानन महाराजांची १९१० सालची समाधी असो, महाराष्ट्रातील कोट्यवधी माणसे ज्यांच्यापुढे माथा टेकवतात ती स्थाने चितेची नाहीत.

दुसऱ्या बाजूलाही तेच आहे. कॅथलिक चर्चने १९६३ साली दहनावरील बंदी उठवली, आणि २०१६ साली व्हॅटिकनने सांगितले की रक्षा विखरून न टाकता पवित्र जागी ठेवावी. मुंबईतील पारशी समाज तर या दोन खणांपैकी कोणत्याच खणात बसत नाही. डुंगरवाडीच्या दोखम्यांत, म्हणजे वरून उघड्या असलेल्या गोल बुरुजांत, देह ना अग्नीला दिला जातो ना मातीला; तो गिधाडांसाठी ठेवला जातो. गिधाडे नाहीशी होत गेल्यावर ज्या पारशी कुटुंबांनी दहन स्वीकारले, त्यांच्यासाठी २०१५ साली वरळीला प्रार्थनागृह सुरू झाले. देहाचे काय करायचे यावरून मृतासाठी कोणते शब्द वापरायचे हे ठरत असते, तर या कुटुंबांना स्मशान बदलताना प्रार्थनाही बदलावी लागली असती.

आता चौथे विधान, की आत्मा प्रवासाला निघालेला असल्यामुळे त्याला विश्रांतीची भाषा लागू होत नाही. हिंदू तत्त्वज्ञानात मृत्यूनंतरचा विसावा हा अखेरचा मुक्काम नाही, हा मुद्दा मला मान्य आहे. परंतु हे लिहिणाऱ्याने आपल्याच गावची अंत्ययात्रा नीट पाहिलेली नसावी. घरापासून स्मशानापर्यंतच्या वाटेवर तिरडी मध्येच एके ठिकाणी खाली टेकवतात, खांदेकरी जागा बदलतात आणि मग पुढे जातात. त्या जागेचे नावच ‘विसावा’ आहे. प्रवास आणि विसावा यांत आपल्या पूर्वजांना विरोध दिसला नाही. ज्याला लांब जायचे आहे त्यालाच विसावा लागतो, हे त्यांना ठाऊक होते. पुढे दहाव्याला पिंड मांडून सगळे कावळ्याची वाट पाहतात, कावळा शिवला नाही तर कोणीतरी पुढे होऊन ‘मुलांचे आम्ही पाहू, काळजी करू नका’ असे मोठ्याने सांगतो आणि तरीही शिवला नाही तर शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात. गेलेल्या माणसाचे मन कशात अडकू नये, त्याला शांतता मिळावी, यासाठी नदीकाठी उन्हात ताटकळत उभ्या राहणाऱ्या समाजाला शांतीची इच्छा परकी आहे, असे कसे म्हणता येईल? गीतेच्या अठराव्या अध्यायातही भगवंत अर्जुनाला ‘परां शान्तिं स्थानं प्राप्स्यसि शाश्वतम्’ असे सांगतात, म्हणजे परम शांती आणि शाश्वत स्थान यांचे आश्वासन एकाच ओळीत देतात.

शिवाय हा मजकूर स्वतःलाच छेद देतो. ‘पीस’ नको म्हणून तो जो पर्याय सुचवतो, तो ‘शांती’ हाच आहे. आणि मराठी वर्तमानपत्रांच्या निधनवार्तांत वर्षानुवर्षे छापले जाणारे ‘मृतात्म्यास चिरशांती लाभो’ हे वाक्य अर्थाने ‘रेक्विएस्कात इन पाचे’पासून फारसे दूर नाही.

राहिला पर्यायांचा प्रश्न. येथे मजकूर लिहिणाऱ्याची मूळ तळमळ मला पटते, कारण शोक आपल्या भाषेत आणि मृताच्या घरच्या रीतीने व्यक्त व्हावा, तीन अक्षरांत उरकला जाऊ नये, असे मलाही वाटते. परंतु मग ती काळजी सर्वांच्या बाबतीत घ्यायला हवी. वारकऱ्याच्या नावामागे ‘वैकुंठवासी’ शोभते, एरवी ‘कैलासवासी’ लिहितात, लिंगायत घरात ‘लिंगैक्य’ म्हणतात. बौद्ध कुटुंबाला ‘आत्म्यास सद्गती लाभो’ असे लिहून पाठवणे तर सपशेल चूक आहे, कारण बुद्धाच्या धम्मात नित्य आत्मा मानलेला नाही. तेथे ‘आदरांजली’ म्हणतात, जलदान विधी आणि पुण्यानुमोदन करतात आणि ‘अनिच्चा वत सङ्खारा’ ही गाथा म्हणतात, जिचा शेवट ‘तेसं वूपसमो सुखो’, त्या संस्कारांचे, म्हणजे घडलेल्या सर्व अनित्य गोष्टींचे, शमणे हेच सुख, असा होतो.

आमच्या भाच्याने त्या दिवशी आपली तीन अक्षरे पुसून टाकली आणि त्यांच्या जागी काहीच लिहिले नाही. दहाव्याला घाटावर भेटल्यावर मी त्याला सांगितले, की त्याने लिहिले होते ते चूक नव्हते आणि मराठीत लिहायचे असेल तर ‘आजोबांना विसावा मिळो’ एवढे पुरेसे आहे.