पाचशे मीटरच्या आतला भाडेकरू

पुण्यात मेट्रो स्थानकापासून 500 मीटरच्या आत चारपर्यंत एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या चौपटीपर्यंत बांधकाम, यावर आमच्या घरच्या ग्रुपवर अधूनमधून जुंपते. कर्वे रस्त्याजवळ राहणाऱ्या मामांना पाण्याची काळजी, आतेभावाला जादा कार्पेट एरिया किती मिळणार याची. मी कॅनडात, व्हँकुव्हरला लागून असलेल्या बर्नबीत राहतो. मला चारच्या आकड्याचं काही वाटत नाही. इथे प्रांताच्या (ब्रिटिश कोलंबियाच्या) 2023 च्या कायद्याने स्कायट्रेनच्या, म्हणजे इथल्या मेट्रोच्या, स्थानकापासून 200 मीटरच्या आत 20 मजल्यांपर्यंतच्या घरांना पालिका जास्त उंचीचं कारण देऊन नाही म्हणू शकत नाही. वर पार्किंगची सक्तीही काढून टाकली. (पुण्यातल्या जाहिरातींत ‘मेट्रो दोन मिनिटांवर’ आणि ‘दोन कव्हर्ड पार्किंग’ शेजारी-शेजारी असतात, ते वेगळंच.)

पण टॉवर उठले की भाडेकरूंचं काय होतं, हे शहाणपण बर्नबीला फुकट मिळालेलं नाही. मेट्रोटाउन स्थानकामागे लाकडी बांधणीच्या जुन्या तीन मजली इमारती होत्या. भाडं परवडणारं, राहणारे बरेचसे नवे स्थलांतरित आणि म्हातारी माणसं. टॉवरसाठी त्या एकामागून एक पाडल्या गेल्या आणि माणसं स्थानकापासून लांब फेकली गेली. लोक इतके चिडले की 2018 च्या निवडणुकीत अनेक वर्षांचे महापौर डेरेक कॉरिगन पडले. त्यानंतर पालिकेने नियम केला: बिल्डरने भाडेकरूला मधल्या काळात दुसरं घर शोधून द्यायचं, भाड्यातला फरक भरायचा आणि नव्या इमारतीत जवळपास जुन्याच भाड्यात परत घ्यायचं.

आपल्याकडे पुनर्विकासात सोसायटीच्या सभासदाला कॉर्पस, म्हणजे एकरकमी पैसे, मिळतो, शिफ्टिंगचा खर्च मिळतो, बिल्डरकडून महिन्याचं भाडं मिळतं. त्याच फ्लॅटमध्ये अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्या पोरांना मालकाचा फोन येतो, ‘महिन्याभरात बघा बुवा दुसरीकडे.’ मेट्रोने खरोखर जाणारी हीच पोरं. मामा गाडी काढतात.

बर्नबीचा नियम जसाच्या तसा पुण्यात चालणार नाही. इथे भाड्याची अख्खी इमारत एका मालकाची असते, तिथे प्रत्येक फ्लॅटचा मालक निराळा. पण जादा एफएसआय काही बापजाद्यांची इस्टेट नव्हे, मेट्रो सार्वजनिक पैशातून आली म्हणून तो मिळतोय. मग त्यातले काही मजले लहान, फक्त भाड्याने द्यायच्या घरांसाठी राखून ठेवा, ही अट मंजुरीच्या कागदावरच का नको? सोसायटीच्या सभेत हा प्रश्न कोणी विचारणार नाही, कारण भाडेकरूला तिथे मत नाही. तो महापालिकेलाच विचारावा लागेल.