भूतानचे बंद दार आणि जयगावचा बाजार

दिवाळीच्या सुट्टीचे बेत ठरू लागले की ‘भूतान आता फार महाग झाले, कोरोनात बुडालेले पैसे ते आपल्याकडून वसूल करतात’ हे वाक्य ओळखीच्या मंडळींकडून हमखास ऐकू येते आणि दर वेळी मला त्याचे वाईट वाटते. भूतान भारतीय पर्यटकांकडून घेते ते शुल्क, म्हणजे माणशी एका रात्रीचे 1,200 रुपये, ही रक्कम चार जणांच्या कुटुंबाला जड जाते, हे मला मान्य आहे. पण त्याचे जे कारण सांगितले जाते ते चुकीचे आहे. भारत, बांगलादेश आणि मालदीवच्या पर्यटकांवरील हे शुल्क भूतानच्या संसदेने 2020 च्या फेब्रुवारीतच, म्हणजे देशात कोरोनाचा पहिला रुग्ण सापडण्याच्या आधी मंजूर केले होते. 2019 साली तिथे सुमारे 3.15 लाख पर्यटक गेले होते, त्यांपैकी 2.30 लाखांच्या आसपास भारतीय होते, आणि साडेसात लाख वस्तीच्या देशाला एवढी वर्दळ पेलणे अवघड होऊन बसले होते. शुल्क लागू व्हायच्या सुमारास देशाचे दारच बंद असल्यामुळे त्याची पावती आपल्या हातात पडू लागली ती 23 सप्टेंबर 2022 नंतर, इतकेच.

मधल्या त्या अडीच वर्षांबद्दल मला लिहावेसे वाटते, कारण भूतानने तेव्हा जे केले त्याची आपल्याकडे फारशी चर्चा झाली नाही आणि त्यापायी आपल्याच हद्दीतल्या एका गावाचे जे हाल झाले त्यांची तर मुळीच झाली नाही.

6 मार्च 2020 रोजी भूतानमधला पहिला रुग्ण जाहीर झाला. तो भारतातून तिथे पोहोचलेला 76 वर्षांचा अमेरिकन पर्यटक होता. त्याच दिवशी परदेशी पर्यटकांना दोन आठवड्यांची बंदी झाली आणि 23 मार्चला जमिनीवरच्या सीमाही बंद झाल्या. साडेतीनशेही डॉक्टर नसलेल्या देशाला दुसरा मार्ग नव्हता, हे खरेच. तरीही ज्या देशात गाइड, ड्रायव्हर, हॉटेलातले कामगार आणि हस्तकलेचे दुकानदार अशा हजारो घरांची चूल पर्यटकांवर पेटते, तिथे असा निर्णय घेणे आणि तो इतका काळ निभावणे सोपे नसते. तो निभावला याचे श्रेय मी राजाच्या ‘किदू’ या मदत योजनेला देईन. पर्यटन बंद पडल्यामुळे ज्यांचा रोजगार गेला त्यांच्या खात्यात एप्रिल 2020 पासून दरमहा पैसे जमा होऊ लागले आणि कर्जदारांचे व्याज सुरुवातीला पूर्ण व पुढे अंशतः माफ झाले. भारतीय मजूर घरी परतल्यामुळे अडलेल्या बांधकामांवर स्थानिक तरुणांना प्रशिक्षण देऊन पाठवले गेले, त्यांत पर्यटनातले रोजगार गमावलेलेही होते. तेव्हाचे पंतप्रधान लोटे त्शेरिंग स्वतः शल्यचिकित्सक होते. राजा जिग्मे खेसर सीमेवरच्या चौक्यांपर्यंत डोंगर तुडवत जात होते. महासाथीत तिथे एकूण 21 मृत्यू झाले.

या कथेत पुण्याचाही वाटा आहे. जानेवारी 2021 मध्ये भारताने भेट म्हणून पाठवलेले कोविशील्डचे दीड लाख डोस ‘सीरम’मध्ये, म्हणजे आपल्या हडपसरच्या बाजूला तयार झालेले होते. भूतानने ते लगेच टोचले नाहीत. मार्चमध्ये आणखी चार लाख डोस आल्यावर, सगळ्यांना एकदमच देता येईल अशी खात्री करून आणि लामांकडून मुहूर्त काढून 27 मार्चला मोहीम सुरू झाली, आणि पात्र प्रौढांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक लोकांना तीन आठवड्यांच्या आत पहिला डोस मिळाला. पुढे आपल्याकडे दुसरी लाट आली, लसींची निर्यात थांबली आणि भूतानला दुसऱ्या डोससाठी जुलैपर्यंत अमेरिका, डेन्मार्क अशा देशांच्या मदतीची वाट पाहावी लागली.

आता जयगाव. बागडोगऱ्याहून चहाच्या मळ्यांमधून गाडीने फुंत्शोलिंग या भूतानच्या सीमेवरच्या गावी जाताना शेवटी लागणारे हे पश्चिम बंगालमधले गाव आपल्या लेखी केवळ परवान्याच्या रांगेआधी चहा प्यायचे ठिकाण असते. प्रत्यक्षात सीमेवरच्या कमानीच्या अलीकडचे आणि पलीकडचे मिळून हे एकच गाव होते. पलीकडे घरभाडे परवडत नाही म्हणून कित्येक भूतानी कुटुंबे जयगावात राहत, आणि जयगावातले मजूर रोज सकाळी कमानीतून कामाला जात. दार लागले तेव्हा भूतानने आपल्या माणसांना आत घेतले आणि अमोछू नदीकाठी त्यांच्यासाठी तात्पुरती घरे उभारली. अलीकडच्यांसाठी असे कोणी काही केल्याचे मला तिथे ऐकायला मिळाले नाही. सीमा उघडल्यानंतर मी तिथे गेलो, तेव्हा ब्लँकेटे आणि प्रेशर कुकर विकणाऱ्या एका वयस्क दुकानदाराने मला उधारीची वही उघडून दाखवली. पानेच्या पाने फक्त भूतानी गिऱ्हाइकांची नावे होती आणि 2020 च्या मार्चनंतर एकही नोंद नव्हती. आपली टाळेबंदी उठून बाकी देशाचे बाजार भरू लागले, तरी त्याचे गिऱ्हाईक कमानीपलीकडेच अडकलेले होते. ‘त्यांच्या राजाने त्यांना सांभाळले, आम्ही कोणाकडे जाणार?’ असे तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात भूतानवर राग नव्हता, आणि मलाही तो वाटत नाही.

माझ्या मते हा प्रश्न आपल्या सरकारांना विचारायला हवा. भूतानला आपली सीमा बंद करण्याचा पूर्ण अधिकार होता आणि त्या देशाने तो अधिकार आपल्या नागरिकांची जबाबदारी उचलून वापरला. जयगावची माणसे आपली नागरिक आहेत. शेजाऱ्याच्या दारावर ज्या गावाचे पोट अवलंबून आहे त्याच्यासाठी कोलकाता आणि दिल्लीने वेगळी तरतूद करायला हवी होती. आता आसामच्या सीमेलगत भूतान गेलेफू येथे नवे शहर वसवत आहे आणि कोक्राझारहून तिथपर्यंत रेल्वेमार्ग टाकण्याचे ठरले आहे. म्हणजे उद्या आसामातले हजारो मजूर आणि व्यापारी त्या शहराच्या भरवशावर आपले संसार मांडतील. सीमा अचानक बंद करावी लागली तर रोज ये-जा करणाऱ्यांना किती दिवसांची मुभा असेल, अडकलेली मजुरी आणि उधारी कशी चुकती होईल, आणि अलीकडच्या माणसांना मदत कोणत्या खात्यातून मिळेल, हे दोन्ही देशांनी रूळ टाकण्याआधीच लेखी ठरवून घ्यावे.