चकाकी लावलेली बाटली कबाडीवाला घेत नाही

शाळेत ‘टाकाऊतून टिकाऊ’ची स्पर्धा घेतली की कचऱ्याचा विषय शिकवून झाला, असं धरून चालणं थांबवलं पाहिजे. पाण्याच्या बाटलीला फेविकॉल फासून चकाकी, लोकर नि थर्माकोलचे मणी चिकटवले की कबाडीवाला तिला हात लावत नाही. तीच बाटली रिकामी करून, चेपून दिली असती तर त्याने घेतली असती. जी वस्तू पुन्हा कामी आली असती तिला आपण भांडेवाडीच्या, म्हणजे नागपूरच्या कचराडेपोच्या, वाटेला लावतो आणि त्यासाठी मुलांना बक्षीस देतो. मला हे अजिबात पटत नाही.

पहिली-दुसरीच्या मुलांपुढे ‘जैवविघटनशील’ हा शब्द ठेवू नका. वर्गात तीन बकेटा ठेवा: सडणारं, विकलं जाणारं आणि कुणीच न घेणारं. बकेटीवर नाव लिहिण्यापेक्षा खरी वस्तूच चिकटवा, म्हणजे वाळलेली संत्र्याची साल, वहीचं पान, चिप्सचं पाकीट. सेल, ब्लेड मॅडमच्या कपाटातल्या वेगळ्या डब्यात जाऊ द्या, मुलांच्या हाती नको.

कागद की पाकीट, हे मुलं मुठीत धरून ओळखतात. कागद घट्ट चुरगाळला की तसाच राहतो. चिप्सचं पाकीट मूठ उघडताच कुरकुर करत पुन्हा पसरतं. त्यात प्लास्टिक आणि चकचकीत धातूचा पातळ थर एकमेकांना चिकटलेले असतात, ते सहज सुटे होत नाहीत, म्हणून त्याला भाव नाही. दुधाची पिशवी मात्र धुऊन वाळवली तर विकली जाते. फक्त कापताना कोपरा पूर्ण तोडायचा नाही, कारण तो चिमुकला तुकडा नंतर कुणीच वेचत नाही.

सडणाऱ्या कचऱ्याचं खत करायला २० लिटरची रंगाची रिकामी बकेट पुरते. तळाला आणि बाजूंना बोटभर भोकं पाडा, खाली चार बोटं वाळला पाला घाला. मग एक वाटी ओलं, त्यावर दोन वाट्या पाला, थोडं जुनं खत किंवा आंबट ताक. आठवड्यातून दोनदा हलवा. मूठभर माल दाबल्यावर हात ओला व्हावा, पण पाणी गळू नये. वास सुटला, अळ्या झाल्या तर ओल जास्त आहे: पाला घाला. संत्र्याची साल जाड आणि तेलकट असते, अख्खी टाकली तर महिनोन्‌महिने तशीच राहते. नखाएवढे तुकडे करून, दोन दिवस उन्हात वाळवून, थोडी थोडीच टाका.

पाल्याची तयारी आधीच हवी. फेब्रुवारी-मार्चमध्ये कडुनिंबाची पानगळ होते, तेव्हा दोन चुंगड्या (पोती) भरून कोरड्या जागी ठेवा. आपल्याकडे विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडते आणि ऐन पावसात कोरडं पान मिळत नाही. जुलैत सुरू केलेली बकेट दिवाळीच्या सुट्टीपर्यंत तयार होते. एप्रिल-मेच्या उन्हात मात्र माल खडखडीत वाळतो आणि सडणं थांबतं, तेव्हा सावलीत ठेवून पाणी शिंपडावं लागतं.

सगळ्यात मोठी चूक शाळा सुटताना होते. सफाईच्या मावशींना कुणी काही सांगितलेलंच नसतं, त्या तिन्ही बकेटा एका पन्नीत रिकाम्या करतात आणि दाराशी उभी मुलं ते पाहतात. दुसऱ्या दिवशी वेगळं करायला कुणाचा हात उठणार? म्हणून मुलांच्या आधी मावशींशी बसून बोला. त्यांना हातमोजे द्या, सुक्यासाठी वेगळी चुंगडी द्या. महिन्याला कबाडीवाल्याला शाळेत बोलवा, काटा मुलांसमोर लावा आणि वजन मुलांनाच फळ्यावर लिहू द्या.