काकूंकडे फुकटात कसं राहावं

मे संपत आला, मुलांची सुट्टी अजून शिल्लक आहे आणि कोकणात जायचं तर खर्च फार, अशा विवंचनेत तुम्ही असाल तर हे वाचा. दापोली तालुक्यात समुद्रापासून दहा मिनिटांच्या चालीवर आमचं घर आहे. आगरात तीन खोल्या काढल्यात, चौदा वर्षं पाहुणे घेतो. पैसे कसे वाचवावेत हे मी सगळं पाहुण्यांकडूनच शिकले. गेल्या शनिवारी आलेल्या कुटुंबाने तर राहिलेला अभ्यासक्रमही पुरा करून टाकला. एवढं ज्ञान एकटीने उराशी बाळगून काय करू, म्हणून लिहिते.

सुरुवात बुकिंगपासून. एकाच गावात तीन घरी खोली सांगून ठेवावी आणि आगाऊ रक्कम कोणालाच पाठवू नये. "पाठवतो काकू, जरा नेटवर्क येत नाहीये," एवढ्यावर भागतं. शनिवारी संध्याकाळी गावात शिरल्यावर तिन्ही घरं बाहेरून बघावीत आणि आवडेल तिथे उतरावं. उरलेली दोन घरं पडवीतला दिवा चालू ठेवून, डाळ-भात झाकून अकरापर्यंत जागी बसतात. त्यांचा फोन आला तर उचलू नये. चुकून उचललाच तर "ताम्हिणीत अडकलोय" म्हणावं. महामार्ग म्हणालात तरी चालेल, त्यावर तर कोणीच संशय घेत नाही.

माणसं किती, हे फोनवर ठामपणे सांगावं, आणि ती चार असावीत. येताना दोन गाड्या भरून अकरा यावीत. घरमालकीण मोजायला लागली की "मुलं धरायची नाहीत ना?" असं विचारावं. आमच्याकडे आलेल्या न धरायच्या मुलांपैकी एकाला मिशी होती आणि त्याने रात्री सात भाकऱ्या खाल्ल्या. खाऊ दे बिचारा, वाढतं वय. जास्तीच्या गादीचे पाचशे होतील म्हटल्यावर मात्र रागावू नये, दुखावल्यासारखं बघावं. "काकू, आम्ही तुम्हाला घरचं समजून आलो." या वाक्याला माझ्याकडे चौदा वर्षांत उत्तर सापडलेलं नाही.

काकू हा शब्द तर फारच कामाचा. हॉटेलात काउंटरवरच्या माणसाला काका म्हणून बघा, एक चहा सुटायचा नाही. इथे काकू म्हटलं की चहा सुटतो, सोलकढी सुटते, सकाळचे घावने सुटतात आणि निघताना आमसुलांची पुडीसुद्धा. मी सत्तावन्न वर्षांची आहे. शनिवारच्या कुटुंबातल्या मिशीवाल्याच्या आजीनेही मला काकूच म्हटलं.

आता मासे. हर्णैला संध्याकाळी मासळीचा लिलाव भरतो, त्याचे व्हिडिओ तुम्ही पाहिलेच असतील. जेवणाच्या ताटाचा दर ऐकला की म्हणावं, "मासे आम्ही हर्णैहून आणतो, तुम्ही फक्त करून द्या." फक्त! मग लिलाव बघून, फोटो काढून रात्री नऊला परत यावं. पिशवीत थोडी कोळंबी, दोन बांगडे, एक सुरमई आणि कोणालाच नाव ठाऊक नाही असा एक मासा असावा. साफ काहीच केलेलं नसावं. तेल, नारळ, तिरफळं, तांदळाचं पीठ, गॅस आणि माझे हात यांना बाजारात भाव नसतो, त्यामुळे ते हिशोबात येत नाहीत. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा ही युक्ती चालत नाही. ते दोन महिने मी जरा पाठ टेकते.

एसी लावून दार उघडं ठेवावं, वारा छान येतो.

गाडी पुसायला टॉवेल उत्तम.

गाडी पुळणीवर न्यायला पैसे पडत नाहीत. जाहिरातीतली नाही का, पाणी उडवत जाते? तशीच न्यावी. भरती कधी आहे ते कोणा गाववाल्याला विचारू नये, तो उगाच घाबरवतो. चाकं रुतली की घरमालकाला फोन करावा. आमचे हे बनियनवर धावत गेले, ट्रॅक्टरवाल्याला झोपेतून उठवलं, आणि त्याने दोन हजार मागितले तेव्हा घासाघीसही यांनीच करायची होती, कारण "तुमच्या ओळखीतला आहे ना". ओळखीतला आहे, पुतण्या आहे. त्याने हजारच घेतले आणि दुसऱ्या दिवसापासून तो आमच्याशी नीट बोलत नाहीये.

पण खरी बचत पाण्यात आहे. हे मला गेल्या रविवारी सकाळीच कळलं.

हवा भरायचा रबरी टब बरोबर आणावा. चार हजारांचा घेतला होता म्हणे, सेलमध्ये. पहाटे अंगणात फुगवावा आणि आगराला पाणी सोडायची नळी दिसेल ती उचलून त्यात टाकावी. विचारायचं कोणाला, घरचंच. आम्ही देवळातून परत येईपर्यंत टब भरून मुलं त्यात डुंबत होती. अकराला पाणी तापलं म्हणून तो ओतून दिला आणि पुन्हा भरला. मी म्हटलं, अहो, मे आहे, विहिरीला पाणी नाही. तर त्या गृहस्थांनी मोबाइलमध्ये बघून मला सांगितलं, "दापोलीला वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो काकू. पुण्याच्या चौपटीहून जास्त."

पडतो हो. मी इथेच राहते. पडतो आणि जांभ्या दगडातून झिरपून, वहाळातून धावत महिन्या-दोन महिन्यांत समुद्रात जातो. मार्चपासून आमच्या विहिरीत पायरीवरून तळ दिसतो. पंप वीस मिनिटं चालला की हवा ओढायला लागतो, मग चार तास थांबायचं, मग पुन्हा वीस मिनिटं. वाडीतल्या बायका खालच्या झऱ्यावर वाटीवाटीने हंडा भरतात. हे सगळं त्या गृहस्थांना दिसत नव्हतं असं नाही, त्यांच्या बायकोने त्या बायकांचे फोटो काढले होते. छान आले होते.

ती नळी कसली होती सांगते. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ आलं. दुपारी दोन-अडीच तासांत आमचं आगर आडवं झालं. माझ्या सासऱ्यांनी लावलेल्या पोफळी काडीसारख्या मोडल्या, माड मुळासकट घरावर आले, कौलं शेजारच्या शेतात. कित्येक दिवस वीज नव्हती. त्या पावसात यांनी गुडघ्याला फडकं बांधून पुन्हा रोपं लावली. पोफळीला धरायला पाच-सात वर्षं लागतात. म्हणजे आता कुठे काहींना पहिली पोय आली आहे. उन्हाळ्यात ठिबकवर एका पोफळीला दिवसाला पंधरा-वीस लिटर पाणी लागतं. तुमच्या टबात सात-आठशे लिटर मावतं, खोक्यावर लिहिलं होतं, मी वाचलं. दोनदा भरलात. ऐंशी झाडांचं एका दिवसाचं पाणी अंगणात ओतलंत आणि त्या चिखलात चपला घालून पडवीत आलात. दुपारी पंप कोरडा लागला. मग तुमच्याच लोकांना आंघोळीला पाणी नाही म्हणून आरडाओरडा झाला आणि टँकर आला. टँकरचे पैसे बिलात धरले तर, "हे आधी सांगायला हवं होतं काकू, ही छुपी रक्कम झाली."

कुठे होते मी? हो, बचत.

निघताना बिल पुढे आलं की उभ्या उभ्या पाचशे कमी करून मागावेत. नाही म्हटलं तर मोबाइल काढून नुसता हातात धरावा आणि "रिव्ह्यू लिहायचाय तुमच्याबद्दल" असं हसत म्हणावं. आमच्या ह्यांनी पाचशे सोडले. ते नेहमीच सोडतात, म्हणून पैशाचा डबा माझ्याकडे असतो, पण मी तेव्हा टब सुकवायला जागा करून देत होते. एवढं करून दोन दिवसांनी आले तीनच तारे. "जागा सुंदर, जेवण अप्रतिम, काकू पैशाच्या बाबतीत जरा कडक."

पुरे झालं. आता सरळ बोलते. पैसे नसतील तर नाहीत म्हणा, त्यात लाज कसली? दोन वर्षांमागे सायकलवरून चार कॉलेजची पोरं आली होती. खोली परवडत नाही म्हणाली. पडवीत सतरंज्या घातल्या, पिठलं-भाकरी वाढली, जमतील तेवढे पैसे घेतले. जाताना त्यांनी आगरातला पाला गोळा करून दिला, न सांगता. तुमच्याकडे पैसे होते. दोन गाड्या होत्या, टब होता. तुम्हाला फक्त ते आमच्याकडे सोडायचे नव्हते. चार सांगून अकरा आलात हे खोटं बोलणं आहे, त्याला दुसरं नाव नाही. न विचारता नळी उचललीत ती चोरी. आणि यांच्यापुढे मोबाइल धरून हसलात, तुमच्या वडिलांच्या वयाचा माणूस तो, हात जोडून उभा होता. मिशीवाला मुलगा तुमच्या मागे उभा राहून सगळं बघत होता. त्याला मात्र लाज वाटत होती, मान वर करत नव्हता. जाताना त्याने मला हळूच "सॉरी आजी" म्हटलं. काकू नाही, आजी.

आणि हो, काल तुमचा फोन आला होता. लॅपटॉपचा चार्जर राहिलाय, मधल्या खोलीत पलंगामागे. सापडलाय, कपाटात ठेवलाय. "घरचंच आहे, तुम्हीच कुरिअर करून टाका काकू," म्हणालात. कुरिअरचे एकशे ऐंशी रुपये होतात. आगाऊ पाठवा. आमच्याकडे सध्या नेटवर्क उत्तम आहे.